पिंपात बुडवलेली घंटा

पिंप निम्मं घासून झालं होतं. आमच्याकडं जुळे सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, त्यामुळं पाणी यायच्या दिवशी आधी पिंप घासून ठेवायचं हा आमच्या घरचा नेम. देवपूजेइतकाच कडक. मी पत्र्याचं ते जुनं पिंप अंगणात आडवं पाडलं होतं, कमरेपर्यंत आत शिरले होते आणि काथ्यानं तळ घासत घासत शिवाचं नाव घेत होते. पिंपात म्हटलं की माझा आवाज मला फार गोड लागतो. बाहेर तो कुणालाच गोड लागत नाही, म्हणून मी पिंप जरा सावकाशच घासते.

"वहिनी, डोकं कुठंय तुमचं?" बाहेरून आवाज आला.

"पिंपात."

"असू दे मग आतच. ही दोन खोकी हितं ठेवतो. भंगारवाला आला की देऊन टाका."

आवाज भावजींचा होता. भावजी म्हणजे माझे धाकटे दीर, पंचाक्षरी. आमच्या मागच्याच गल्लीत त्यांचं घर. येत्या गुरुवारी ते घर भाड्यानं देऊन पुण्याला लेकीकडं, सोनमकडं कायमचे राहायला जाणार होते. जाऊबाई गेल्यापासून एकटे होते, पोरगी ऐकेना. त्यामुळं त्या आठवड्यात त्यांच्या घरातली एकेक वस्तू आमच्या अंगणात येऊन पडत होती. आधी पाटा आला, मग सुंभाची खाट, मग पितळी समई. आता खोकी.

मी मागं सरकत सरकत पिंपातून बाहेर आले. केसाला काथ्या, नाकाला गंज. खोकं उघडून बघितलं तर आत कॅसेट. सगळ्या नव्याकोऱ्या, चकचकीत कागदात गुंडाळलेल्या.

"ह्या त्याच का हो?"

"त्याच." ते खाली बघत म्हणाले. "आता नेऊन काय करू? सोनमच्या फ्लॅटात चपला ठेवायला जागा नाही."

"पण भावजी, तुमची एवढी मेहनत…"

"वहिनी," ते हसले, "तुमीच बाम लावला होता की, ऐकून झाल्यावर. सगळ्यांसमोर."

लावला होता. खोटं कशाला बोलू?

आता ह्या कॅसेटची गोष्ट सांगायला पाहिजे. भावजी तेव्हा शाळेत गाणं शिकवायचे, पेटी शिकवायचे, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचे. एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात बसून त्यांनी परदेशी तबकड्या ऐकल्या. तिथून त्यांना जे लागलं ते सुटेना. घरी येऊन सांगायचे, "वहिनी, ह्याला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात. एकेक गाणं वीस-वीस मिनिटांचं. आणि सगळी गाणी मिळून एकच गोष्ट." मी म्हटलं, "मग ते गाणं कसं? ती पोथी झाली." ते एकदम खूश झाले. "अगदी बरोबर! पोथीच!" मला वाटलं मी काहीतरी शहाणपणाचं बोलले. त्या भरात मी त्यांना चहा दिला आणि पुढं महिनाभर घरात जो गोंधळ झाला त्याला मीच परवानगी दिल्यासारखं झालं.

त्यांनी आपल्या शिल्लकीतून पोथी केलीच. एका पाण्याच्या थेंबाची गोष्ट. गिटारला यशपाल म्हणून बँकेतला एक मुलगा होता, तो जयंतीच्या मिरवणुकीत वाजवायचा. तबला होता, ढोल होता, कीबोर्डवर भावजी, आणि गायलाही भावजीच. त्यांचा आवाज थोडा नाकातून येतो. ते मी आजही म्हणेन. एक दिवस आमच्या घरी आले आणि माझं हे पिंप काठोकाठ भरून घेतलं, तेही पाण्याच्या टंचाईत. देवळातली एक घंटा मागून आणली होती, ती दोरीला बांधून पाण्यात सोडली आणि पाण्याखाली वाजवली. बाहेर माइक धरून यशपाल. मी दारात उभी राहून बघत होते आणि मनात म्हणत होते, हे पाणी आता प्यायचं का झाडांना घालायचं? घंटा देवाची, म्हणून प्यालो.

मग श्रावणात, आमच्या महिला भजनी मंडळाच्या कार्यक्रमात ती कॅसेट सगळ्यांनी मिळून पहिल्यांदा ऐकायची ठरलं. तिथंच सगळं बिघडलं.

आमच्या मंडळाच्या प्रमुख मथुराबाई. त्या तेव्हाही प्रमुख होत्या, आजही आहेत, आणि पुढचं मला सांगता येत नाही. मी मंडळात टाळ वाजवते. म्हणजे टाळ माझ्या हातात असतो. मथुराबाई म्हणतात, "रुद्राणी सगळ्यांच्या आधी पोचते आणि तिथं आमची वाट बघत बसते." एवढ्या वर्षांत ह्यात फरक पडलेला नाही, तरीही मला गाण्यातलं कळतं असं मी सगळ्यांना सांगत आलेय.

तर ती कॅसेट आमच्यात दोन तट पाडून गेली. निम्म्या बायका म्हणाल्या, "काहीतरी फार मोठं आहे, आपल्याला कळत नाही, पण मोठं आहे." निम्म्या म्हणाल्या, "कळत नाही, इथंच थांबा." मी दुसऱ्या तटात. पहिली तक्रार अशी की त्यात ताल धरता यायचा नाही. टाळी वाजवत गेलं की प्रत्येक वेळी एक मात्रा उरायची, आणि ती कुठं ठेवायची ते कुणाला कळायचं नाही. मी तर कायम आधीच पोचणारी, मला वाटलं पहिल्यांदाच माझं बरोबर येतंय. दुसरी तक्रार पाइपाची. थेंब पाइपात शिरतो आणि मग नऊ-दहा मिनिटं नुसती घूं घूं. पेठेतल्या एका बाईंनी विकत घेतलेली कॅसेट परत आणून दिली. म्हणाल्या, "ह्यात बिघाड हाय. आमी टेपचं तोंड स्पिरिटनं पुसलं, तरी घूं घूं." भावजींनी गुपचूप दुसरी दिली. चार दिवसांनी तीही परत आली.

आणि तिसरी तक्रार, सगळ्यांची मिळून: शेवट पटला नाही. भावजींना ज्यानं त्यानं येऊन हेच सांगितलं. "बाकी ठीक, पण शेवट काय पटला नाही बघा." त्यांनी मान हलवली. कधी कुणाशी वाद घातला नाही. त्यानंतर त्यांनी स्वतःचं असं काहीच केलं नाही. दुसऱ्यांची भजनं वाजवली, दुसऱ्यांची लग्नं वाजवली. घरात कॅसेटचा विषय निघाला की उठून पाणी प्यायला जायचे.

विषय टाळण्याचं खरं कारण मात्र अव्वा होत्या. अव्वा म्हणजे माझ्या सासूबाई, सुंदरम्मा. त्यांचं माहेर उजनी धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. शेत, घर, महादेवाचं देऊळ, सगळं. कॅसेटीतलं पाण्याखालचं गाव म्हणजे तेच, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. त्या दिवशी मंडळात अव्वा पहिल्या रांगेत खुर्चीवर बसल्या होत्या, नवीन इरकल नेसून. भावजींना स्वतःचं गाणं लोकांसमोर ऐकवेना, म्हणून ते बाहेर, आवाज पोचणार नाही एवढ्या लांब, लिंबाखाली जाऊन उभे राहिले. कॅसेट संपल्यावर सगळ्यात आधी अव्वा बाहेर आल्या, डोळ्याला पदर लावून, त्यांच्या अंगावरून पुढं निघून गेल्या. थांबल्या नाहीत. भावजींनी काही विचारलं नाही. त्याच थंडीत अव्वा गेल्या.

तेव्हापासून भावजींच्या मनात एकच होतं की आपण आईचं बुडालेलं माहेर उकरून काढलं आणि तिला रडवलं. हे त्यांनी एकदाच, जाऊबाईंच्या दहाव्याला बोलून दाखवलं. "अव्वाला पण त्रासच दिला मी," एवढंच.

असो. तर खोकी.

भावजी घरी गेल्यावर माझ्या मनात पहिला विचार आला तो डब्यांचा. कॅसेटची प्लॅस्टिकची डबी काय छान असते! झाकण घट्ट लागतं. श्रावणातल्या सोमवारी मंडळातल्या बायकांना मी दरवर्षी विभूतीच्या पुड्या देते आणि दरवर्षी कुणाच्या तरी पिशवीत पुडी फुटून माझं नाव निघतं. मी ह्यांना म्हणजे आमच्या मालकांना हाक मारली.

"अहो, जरा ह्या डब्या मोकळ्या करू लागा. डब्या ठेवायच्या, आतल्या फिती भंगारात."

हे पेपर खाली ठेवून आले. "पंचाची कॅसेट ना ही? त्याला चालेल?"

"तेच म्हणाले भंगारात द्या."

"तसं म्हणाला असेल गं. पण विभूती भरायला देतोय असं म्हणाला का?"

"देवाच्याच कामाला लागतील की!"

देवाचं नाव घेतलं की हे गप्प बसतात. हे माझ्या भक्तीचं पहिलं फळ. आम्ही दोघांनी बसून दोन्ही खोकी सोडवली. ह्यांनी मोकळ्या कॅसेट पोत्यात भरल्या. दुपारी गल्लीत सयाजी भंगारवाल्याची गाडी आली तेव्हा ह्यांनी पोतं देऊन टाकलं. मी मात्र एक कॅसेट बाजूला काढून ठेवली होती. म्हटलं, जाणारं माणूस, आठवण म्हणून असू दे. आणि विभूती भरता भरता आणखी एकदा ऐकावी. बामाची बाटली मी आधीच जवळ घेऊन बसले होते.

ह्यांचा जुना टेप आमच्याकडं अजून आहे, कपाटावर, क्रोशाच्या रुमालाखाली. चालतो. फक्त पुढं-मागं पळवायची बटणं दोन्ही मेलेली. कॅसेट घातली आणि सवयीनं उलटी केली. कारण मंडळात ती कायम तशीच लावायची, दुसरी बाजू आधी. ते का, तर कव्हरावर पहिल्या बाजूला छापलं होतं "बुडालेलं गाव" आणि "पाइप", आणि दुसऱ्या बाजूला छापलं होतं "नमन". मथुराबाईंनी त्या पहिल्या दिवशी कव्हर वाचलं आणि कपाळाला हात लावला होता. "नमन मागं? ह्या पोराला काही कळतं का! नमन कुठं मागं असतं का?" आमच्या मंडळात नमनाशिवाय काहीच सुरू होत नाही. भिशीसुद्धा नाही. सहलीला बस निघायच्या आधी ड्रायव्हरला गाडी बंद करायला लावून नमन म्हणतो आम्ही. तेव्हा मथुराबाईंनी नमनाची बाजू आधी लावायला सांगितली आणि ते सगळ्यांना इतकं बरोबर वाटलं की कुणी तोंडातून चकार शब्द काढला नाही. नंतर कॅसेट विकत घेणाऱ्या प्रत्येकीला आम्ही तसंच सांगत गेलो: "दुसरी बाजू आधी लावा हं, त्यात देवाचं नाव आहे."

पण नवी कॅसेट पहिल्या बाजूच्या सुरुवातीला गुंडाळलेली येते. उलटी करून बटण दाबलं तर टेप नुसताच "टक" करून थांबला. फीत सगळी त्या टोकाला. पूर्वी आम्ही पेन्सिल घालून ती गरागरा फिरवत पलीकडं न्यायचो. पेन्सिल शोधायला उठले आणि नळ खसखसला. पाणी आलं!

पाणी आलं की आमच्या घरात देव पण थांबतो. मी कॅसेट जशी होती तशी सरळ करून घातली, म्हटलं वाज बाई तुला हवं तिथून, आणि धावले. पिंपाचं एक अंग घासायचं राहिलंच होतं. ह्यांना पाइप धरायला लावला, म्हटलं आधी बादल्या भरा, आणि मी पुन्हा पिंपात शिरले.

आणि पिंपात ती घंटा वाजली.

मी डोकं आपटून घेतलं, इतकी दचकले. आवाज टेपातून येत होता, खिडकीतून, पण पिंपाचा पत्रा तो असा पकडत होता जणू पिंपातच कुणी वाजवतंय. लांबून, जड, पाण्याखालून. इतक्या वर्षांनी त्या आवाजाला आपलं घर सापडलं म्हणायचं. मी काथ्या धरून तशीच पडून राहिले.

"अगं, आत झोपलीस का?" हे ओरडले.

"बादल्या भरा तुम्ही!"

मी ऐकत होते. घंटेमागून भावजींचा नाकातला आवाज आला. पाण्याखालच्या गावात सगळं जागच्या जागी आहे, जातं आहे, देऊळ आहे, फक्त माणसं नाहीत. मग एक थेंब म्हणतो, माणसं कुठं गेली ते मी बघून येतो. तो निघतो. मी इतकी वर्षं ऐकलं होतं, पण तो निघतो हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं तो परत येतोय! कारण आम्ही आधी दुसरी बाजू ऐकायचो. त्यात नळ उघडतो, शहरातली एक म्हातारी कळशी भरते, पाणी तोंडात घेते आणि तिला माहेरच्या विहिरीची चव लागते. ती ते पाणी पिंडीवर घालते, नमन होतं. आणि मग आम्ही पहिली बाजू लावायचो. तेच पाणी बुडालेल्या गावात, आणि मग पाइपात, अंधारात, घूं घूं, आणि टक. संपलं. ह्यालाच आम्ही म्हणायचो, शेवट पटला नाही.

म्हणजे शेवट वाईट नव्हताच. आम्ही त्या माणसाचा शेवट आधी ऐकून टाकायचो आणि मग सुरुवातीला नावं ठेवायचो. मंडळात एक बाई एमए झालेली होती, तिनं तर थेंबाच्या निराशेवर मासिकात चार ओळी लिहिल्या होत्या.

पाइप सुरू झाला तेव्हा मी पिंपाबाहेर येऊन ओट्यावर बसले. खरं सांगते, पाइप अजूनही लांब आहे. त्यातली चार मिनिटं काढून टाकली तर थेंबाचं काही बिघडणार नाही. यशपालची गिटारही मधे उगाच एक फेरफटका मारून येते. पण ह्या वेळी मला माहीत होतं की पलीकडं नळ आहे. वाट बघत होते मी. आणि समोर आमच्या खऱ्या नळाला खरं पाणी पडत होतं, त्याच धरणातलं. ती उरलेली मात्राही मला तेव्हा कळली. थेंब मधेच थांबतो, पुढच्याची वाट बघतो, ती मात्रा. मी आपली टाळी आधी वाजवून मोकळी.

मग मला अव्वा आठवल्या. त्या दिवशी घरी आल्यावर मी त्यांचे पाय चेपत होते आणि त्या छताकडं बघून म्हणाल्या होत्या, "आलेलं माहेर परत बुडवलं की गं त्यानं. साकु, आता नको ऐकायला." साकु म्हणजे पुरे. मला वाटलं वयानं त्या गोष्टीत गोष्ट मिसळतायत. हे भावजींना सांगायचं तरी कसं? आधीच त्यांना वाईट वाटलेलं. म्हणून मी ते मनातच ठेवलं होतं आणि नंतर विसरूनही गेले होते.

पहिली बाजू संपायच्या आत मी भावजींना फोन केला. "लगेच या."

"काय झालं? दादाला काही…?"

"ह्यांना काही होत नाही. ते पाइप धरून उभेत. तुम्ही या."

ते आले तेव्हा पाइपाची घूं घूं चालू होती. दारातच थांबले. चेहरा असा झाला की मला वाटलं परत जातायत.

"वहिनी, बंद करा की ते."

"भावजी, आम्ही कॅसेट उलटी ऐकली."

"म्हणजे?"

"दुसरी बाजू आधी. नमन होतं ना त्यात. मथुराबाईंनी लावायला लावलं. पहिल्या दिवसापासून."

 भावजी आडव्या पिंपावर बसले. पिंप जरा गडगडलं, ह्यांनी पायानं धरलं.

"किती जणांनी?"

"सगळ्यांनी. घरी नेली त्यांनीपण. आम्ही सांगूनच विकायचो."

"म्हणजे शेवट पटला नाही म्हणायचे ते…"

"पाइप."

"मी इतकी वर्षं समजत होतो, नमनात गिटार घातली म्हणून लोक चिडले." ते हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग खोकला लागला. हे म्हणाले, "पंचा, पाणी पी." आणि बादलीतलंच तांब्याभर दिलं. पाणी पिता पिता भावजी थांबले.

"अव्वानं?"

मी मान हलवली. "अव्वांनीपण. तसंच."

 मग मी अव्वा काय म्हणाल्या होत्या ते सांगितलं, जसंच्या तसं, साकुसकट. सांगताना मला भीती वाटत होती. ह्यांनी मला डोळ्यांनी खुणावलंही, कशाला बोलतेस म्हणून. पण भावजींनी तांब्या खाली ठेवला आणि हळूच विचारलं, "आलेलं म्हणाली? आलेलं माहेर?"

"व्हय. आलेलं माहेर."

"म्हणजे तिला चव ओळखू आली होती."

"आली असणार. पुढं आम्ही बुडवलं."

त्यांनी तोंड फिरवलं आणि नळाकडं बघत बसले. आतून टेप "टक" करून थांबला. पहिली बाजू संपली.

"दुसरी लावा," भावजी म्हणाले.

मी कॅसेट उलटली. फीत आता बरोबर त्या बाजूच्या सुरुवातीला होती, पेन्सिल लागली नाही. नळ उघडला, टेपातला. म्हातारीनं कळशी भरली. आम्ही तिघं अंगणात बसून ऐकत होतो. हे मधेच नळ बंद करायला विसरले आणि पाणी अंगणभर झालं. एरवी मी केवढी ओरडले असते. नमन आलं तेव्हा माझ्या हातात टाळ नव्हता, म्हणून मी मांडीवर हात वाजवला. आधीच पोचले. भावजी म्हणाले, "वहिनी, थांबा की जरा, थेंब येतोय." आणि नमनातली गिटार? ती मला अजूनही पटलेली नाही. पण तिला मी आता बाम लावणार नाही.

संपल्यावर भावजींनी डोळे पुसले नाहीत, तसेच राहू दिले. थोड्या वेळानं म्हणाले, "गुरुवारी नाही जात. सोनमला सांगतो. श्रावणातला पहिला सोमवार झाल्यावर जाईन. मंडळात एकदा सरळ लावू या का? मथुराबाई तयार होतील?"

मी तिथूनच मथुराबाईंना फोन लावला. सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं. 

"मग नमन मागं राहणार म्हणतेस?"

"व्हय. कॅसेटीत मागंच आहे."

"असं कर," मथुराबाई म्हणाल्या. "आधी आपण आपल्या तोंडानं नमन म्हणू. मग त्याचा पाइप लावा, गिटार लावा, काय लावायचं ते लावा. मागं त्याचं नमन असलं तर असू दे, दोनदा देवाचं नाव घेतल्यानं कुणी मेलं नाही. आणि रुद्राणी, टाळ तू आणू नकोस."

भावजी आता पुरते उठून उभे राहिले होते. "प्रत्येकीला एकेक कॅसेट देऊ. नवी. सरळ कशी ऐकायची ते सांगून. खोकी कुठं ठेवली?"

मी ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांनी आकाशाकडं बघितलं.

"डब्या आहेत," मी म्हटलं. "सगळ्या आहेत. विभूतीसाठी ठेवल्यात."

"आणि आतल्या कॅसेट?"

"तुम्हीच म्हणालात भंगारात."

भावजी पुन्हा पिंपावर बसले. पुन्हा हसले. मला मात्र हसू आलं नाही. हे म्हणाले सयाजीचं दुकान अंधार पडेपर्यंत उघडं असतं, आणि त्याला प्लॅस्टिक लगेच फोडायची सवय नाही, तो पोती तशीच रचतो. रिक्षा बोलवायला हेच गेलेत. पिंप भरायचं राहूनच गेलं आणि पाणी गेलंय. असू दे.

रिक्षा येईपर्यंत हे लिहून घेतलं. सयाजीच्या भंगाराच्या दुकानात जाऊन ते पोतं परत आणायचंय.